आधी काय, मग काय : मोबाईलवरचा कामाचा आराखडा

सांगोला तालुक्यातल्या बचत गटांबरोबर मी समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचंय ते मोबाईलवरच्या नियोजनाबद्दल. गटानं एखादं काम हाती घेतलं, की त्यात काय काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं, हे सगळं मांडून ठेवायची ॲप निघाली आहेत. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत आपल्याकडच्या काही गटांनी ती वापरून पाहिली. कुणाला फायदा झाला, कुठं भांडणही झालं. दोन्ही सांगते.

आधी एक घोळ काढून टाकूया. हिशेबाचं ॲप वेगळं. 'लोकओएस'मध्ये आपली बचत, कर्ज, परतफेड यांची नोंद होते. ती घडलेल्या व्यवहाराची नोंद. आराखडा असतो अजून न घडलेल्या कामाचा. उमेद अभियानात समुदाय गुंतवणूक निधी मागताना आपण आराखडा भरतो, कुणाला कशासाठी किती रक्कम हवी आणि ती कशी फेडणार, ते लिहितो. त्यात पैसा कळतो. पण गहू कधी घ्यायचा, गिरणीवाल्याला कधी सांगायचं, हे त्यात येत नाही, आणि वाळवणाचा धंदा फसतो तो बहुतेक वेळा तिथंच.

ही ॲप करतात काय? एक मोठं काम लिहायचं. त्याच्या पोटात लहान कामं, त्यांच्या पोटात आणखी बारीक कामं. पाहिजे तेव्हा पोट उघडायचं, नको तेव्हा मिटवायचं. काम झालं की पुढच्या चौकोनात खूण. क्रम चुकला तर ओळ बोटानं धरून वर-खाली सरकवायची, वही खोडायला नको. शाळेत मास्तर धड्याचं टाचण काढायचे ना, तसंच हे टाचण, फक्त हलवता येणारं.

हे ऐकून काही जणी म्हणतात, हे कंपनीवाल्यांचं काम, आपल्या चुलीपाशी कशाला? त्यांना मी एक खरी गोष्ट सांगते. ९ डिसेंबर १९६८ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकानं हजारभर माणसांसमोर संगणक चालवून दाखवला. माऊस लोकांनी जाहीरपणे पाहिला तो त्याच दिवशी. संगणकावर यादीची उघडझाप कशी होते हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं घेतली घरच्या बाजाराची यादी! केळी, गाजरं, सूप असले जिन्नस. त्यानं त्यांचे गट पाडले, गट मिटवले, उघडले, आणि घरी जाताना कुठल्या वाटेनं गेलं म्हणजे सगळी कामं उरकतील याचा नकाशाही काढून दाखवला. म्हणजे या सगळ्याची सुरुवात बाजाराच्या पिशवीपासूनच आहे. आपण रविवारी सांगोल्याच्या बाजाराला निघताना डोक्यात हेच करत असतो.

आता कामाची गोष्ट. यादी आणि आराखडा यांत फरक काय, ते कुरडईवरून बघू.

गहू निवडून धुवायचा आणि तीन दिवस भिजत घालायचा. रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा, हाटायचा, गरम आहे तोवर सोऱ्यातून कुरडया घालायच्या. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. आता सांगा, गटात दहा बाया असोत की वीस, गहू भिजायचे तीन दिवस कमी होतात का? नाही होत. ऊन वाढवता येतं का? नाही. पण हाटायला आणि घालायला चार जणी जास्त आल्या तर ते काम दुपारच्या आत संपतं. म्हणजे काही कामं माणसं वाढवून लवकर होतात आणि काही कामं आपल्याच वेळेनं होतात. ज्या कामांची साखळी अशी एकमेकांत अडकलेली असते, तिच्यातली पहिली कडी एक दिवस उशिरा पडली की शेवटचा माल एक दिवस उशिरा. पापडाची पाकिटं, वजनकाटा, लेबल ही कामं त्या साखळीत नाहीत. ती गहू भिजत असताना उरकता येतात.

एका गटाला लग्नघरची ऑर्डर होती, माल ८ मे ला पोचवायचा. त्या गटाच्या सचिव ताई बारावी शिकलेल्या. त्यांनी मोबाईलवर नुसती यादी केली होती: गहू आणणे, भिजवणे, चीक, कुरडया, पाकिटं. पाच ओळी, दिसायला सगळं बरोबर. बैठकीत आम्ही त्या यादीला तारखा लावायला बसलो, आणि त्या मागून पुढे न लावता शेवटापासून मागे लावल्या. ८ ला पोचवायचं, तर ७ ला पाकिटं. ४, ५, ६ ऊन. ४ ला सकाळी चीक शिजवायचा, ३ ला वाटायचा. म्हणजे ३० एप्रिलला सकाळी गहू पाण्यात पडला पाहिजे. एवढ्यात एक म्हातारी मावशी म्हणाल्या, "अन् वळीव आला तर?" मग दोन दिवस मोकळे सोडले. गहू भिजायचा दिवस आला २८ एप्रिल. निवडलेला गहू २७ ला घरात हवा. सचिव ताईंच्या मनात तो १ मे नंतर आणायचं होतं! वळिवाची ओळ ॲपनं सुचवली नाही, मावशींनी सुचवली. ॲपमुळे एवढंच झालं, की ती ओळ मध्ये घुसवल्यावर वरच्या सगळ्या तारखा पटापट बदलता आल्या आणि सगळ्या जणींना त्या दिसल्या.

अशी उलटी मोजणी आपल्या तालुक्याला नवी नाही. डाळिंबवाला आधी ठरवतो, फळ बाजारात कधी पाहिजे. त्यावरून मृग बहार, हस्त बहार की आंबे बहार धरायचा ते ठरतं, आणि त्यावरून बागेला ताण कधी द्यायचा, पानगळ आणि छाटणी कधी करायची ते. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल आपल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. गाडीला वेळ असते. मग तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणं हे सगळं गाडीच्या वेळेपासून मागे मोजावं लागतं. घरातला पुरुष बागेत जे करतो तेच आपण वाळवणात करायचं आहे.

कुठलं ॲप? बहुतेक गटांना 'गुगल कीप' सोपं गेलं. मराठीत लिहिता येतं, बोलून लिहिता येतं, चौकोनाची यादी होते, आणि दुसऱ्या बाईला तिच्या जीमेलवरून त्यात सामील करून घेता येतं. मात्र त्यात पोटातल्या कामाची एकच पायरी पडते, कामाच्या पोटात काम, बस्स. वाळवणाला तेवढं पुरतं. एका गटानं 'ट्रेलो' वापरलं. त्यात 'करायचं', 'चालू', 'झालं' असे तीन खण करून कामाच्या चिठ्ठ्या एका खणातून दुसऱ्यात सरकवायच्या. ज्या मुलीनं ते सुरू केलं तिला फार आवडलं. बाकीच्यांना त्यातलं इंग्रजी बघून धाकधूक. शेवटी त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं तीन खण आखले आणि खऱ्याच चिठ्ठ्या चिकटवल्या. मला तर ते ट्रेलोपेक्षा बरं वाटलं, कारण जाता-येता सगळ्यांना दिसतं. शंभर वर्षांपूर्वी हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं कारखान्यांसाठी कामाचे आडवे पट्टे आखायची पद्धत रूढ केली, तीही कागदावरच होती. आज मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच पट्टे दिसतात.

आता पैशाचं बघा, कारण सगळ्यात मोठा धोका तिथं आहे. दुसऱ्या एका गटानं उडीद आणि गव्हासाठी बँकेकडून कर्ज मंजूर करून घेतलं होतं. आराखडा छान, सगळी कामं, सगळ्यांची नावं. त्या गटाच्या अध्यक्ष ताई चौथी शिकलेल्या, मोबाईलला हात लावत नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्यात पैका कवा जातोय अन् कवा येतोय ते कुठंय?" कुठंच नव्हतं. कामाची ॲप कामाचंच विचारतात. मग प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहिल्या, जाणारे रुपये आणि येणारे रुपये, तारखेसकट. तेव्हा दिसलं, की पहिला हप्ता १० तारखेला आणि पहिल्या विक्रीचा पैसा २५ च्या पुढे. मधले पंधरा दिवस हप्ता कुठून भरणार? कुणी कोंबड्या विकायच्या, कुणी खासगी फायनान्सवाल्याकडं जायचं? हप्ता चुकला की पुढच्या वर्षी बँक तोंड फिरवते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कर्ज मंजूर असूनही लगेच उचललं नाही. पहिल्या खेपेचा गहू गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतला आणि बँकेची रक्कम महिनाभरानं उचलली. कर्ज तेच, गट तोच. दोन रकाने वाढवल्यानं एक सावकारी फेरा टळला.

आता भांडणाची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण ती बऱ्याच गटांत दबून असते.

एका गटात ठरलं, की ज्या बाईच्या नावापुढे जास्त खुणा तिला जास्त मजुरी. ऐकायला न्यायाचं वाटतं. हंगाम संपल्यावर खुणा मोजल्या. दुकानातून पाकिटं आणणारीच्या नावावर सात खुणा. कारण पाकिटं, लेबल, रबर, टेप, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहिलेलं. आणि जी बाई रोज पहाटे उठून घमेल्यातल्या गव्हाचं पाणी बदलत होती, तिच्या नावावर एक खूण. 'गहू भिजवणे', एकच ओळ! वाळवण राखायला, कोंबड्या-शेरडं हाकायला दिवसभर उन्हात बसलेल्या आजींचं तर नावच नव्हतं, कारण त्यांच्याकडे मोबाईल नाही आणि राखण हे काम कुणी लिहिलंच नव्हतं. दोन बैठका रुसव्यात गेल्या. एक जण गट सोडायला निघाली होती.

यात ॲपची चूक म्हणता येत नाही. जे लिहिलं तेच त्यानं मोजलं. पण बायकांची अर्धी कामं कुणी लिहितच नाही, आपण स्वतःही नाही. त्या गटानं पुढच्या हंगामात मजुरी खुणांवर न देता तासांवर दिली, आणि राखण, पाणी बदलणं, भांडी घासणं, अंगण सारवणं या वेगळ्या ओळी केल्या. आजींना राखणीची मजुरी मिळाली. उलट आणखी एका गावात यादी मोठ्यानं वाचली तेव्हा एकाच ताईचं नाव नऊ वेळा आलं. जी कधी नाही म्हणत नाही, तिच्याच गळ्यात सगळं. वाचताना बाकीच्या जणी खाली मान घालून हसायला लागल्या, आणि चार कामं तिथल्या तिथं दुसरीकडं गेली. म्हणून यादीत नाव घालायचं ते त्या बाईला विचारून, बैठकीत, तिच्यासमोर. रात्री घरी बसून सचिवांनी नावं भरायची नाहीत.

राहिला मोबाईल कुणाचा हा प्रश्न. आपल्याकडे पुष्कळ ताईंचा मोबाईल खरं तर मुलाचा असतो, आणि जीमेलही त्याचंच. कीपमध्ये ज्याच्या खात्यावर टाचण तयार झालं तो त्याचा मालक. त्यानं ते पुसलं तर सामील असलेल्या सगळ्यांकडून जातं. कचरापेटीत सात दिवस राहतं, तेवढ्यात परत आणता येतं, मग कायमचं गेलं. मुलगा पुण्याला कामाला गेला, फोन घेऊन गेला, आणि गटाचा आराखडाही त्याच्या खिशातून गेला, असं झालेलं आहे. तेव्हा गटाच्या नावानं वेगळं जीमेल काढा, पासवर्ड ठरावाच्या वहीबरोबर पेटीत ठेवा, आणि निदान दोघींना तो उघडता येऊ द्या. दर बैठकीला बचत झाली की पाच मिनिटं आराखडा मोठ्यानं वाचायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच जास्त चुका सापडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्या ऐकताना हातानं काम करत असल्यासारख्या ऐकतात, आणि मधली सुटलेली पायरी त्यांना लगेच खटकते.

एवढं सगळं प्रत्येक कामाला लागतं का? नाही. चार किलो शेवया करायच्या तर ॲप कशाला, बसा आणि करा. तीनपेक्षा जास्त जणी, आठवड्यापेक्षा जास्त दिवस किंवा उसना पैसा, यातलं एक जरी असलं तर लिहून काढा.

यंदाच्या वाळवणाचा आराखडा करायला ज्या गटांना मदत हवी, त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीला येताना तीन गोष्टी आणा: बँकेच्या हप्त्याची तारीख, लग्नतिथी असलेलं कॅलेंडर, आणि गिरणीवाल्याचा फोन नंबर. आजींनाही घेऊन या.