रिव्हर्स डीएनएस
रिव्हर्स डीएनएस : इंटरनेटवरील अंकी पत्त्यावरून (आयपी पत्त्यावरून) त्याच्याशी निगडित असलेले नाव शोधण्याची व्यवस्था. नावावरून अंकी पत्ता शोधणे हे डीएनएस म्हणजे क्षेत्रनाम प्रणालीचे नेहमीचे कार्य होय. रिव्हर्स डीएनएसमध्ये हा शोध उलट दिशेने होतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये क्षेत्रनाम प्रणाली मांडली. तिच्या १९८७ च्या मानकात उलट शोधाचीही तरतूद आहे.

रचना : टपालाचा पत्ता ‘मु. खांब, ता. रोहा, जि. रायगड’ असा लहान घटकाकडून मोठ्या घटकाकडे जातो. क्षेत्रनामाचा क्रमही तसाच असतो. अंकी पत्त्यात मात्र मोठ्या जाळ्याचे अंक आधी व विशिष्ट यंत्राचे अंक शेवटी येतात. म्हणून उलट शोधासाठी पत्त्यातील चार संख्यांचा क्रम उलटवून त्यांपुढे ‘इन-ॲडर.आर्पा’ हे पद जोडतात. उदा., नमुन्यादाखल वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या २०३.०.११३.२५ या पत्त्याचे रूप ‘२५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा’ असे होते. या रूपासमोर यंत्राचे नाव देणाऱ्या नोंदीस पीटीआर नोंद म्हणतात.

अधिकार : क्षेत्रनाम व्यावसायिक स्वतः नोंदवितो आणि त्याच्या नोंदी त्याला बदलता येतात. अंकी पत्ते मात्र आशिया-पॅसिफिक विभागात एपनिक या संस्थेच्या व्यवस्थेतून आणि भारतात आयआरआयएनएन या राष्ट्रीय नोंदणी संस्थेमार्फतही सेवा पुरवठादारांना मिळतात. उलट नोंदींचा अधिकार याच साखळीने खाली येतो. त्यामुळे लहान व्यावसायिकास पीटीआर नोंद सामान्यतः पुरवठादाराकडूनच करवून घ्यावी लागते. २५६ हून कमी पत्त्यांच्या गटाचा अधिकार ग्राहकाकडे सोपविण्याची पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि एकदोन पत्तेच असल्यास तिचा फारसा उपयोग होत नाही.

महत्त्व : पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांना परगावच्या व परदेशातील मागण्यांसाठी, तसेच कोलाड-खांब परिसरातील पर्यटन व्यावसायिकांना आरक्षणासाठी ई-मेल उपयोगी पडते. एखाद्याने स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालविल्यास पत्र स्वीकारणारा सर्व्हर प्रथम पाठविणाऱ्याच्या अंकी पत्त्याचे नाव विचारतो आणि नंतर त्या नावावरून तोच पत्ता मिळतो की नाही, हे पडताळतो. नोंद नसल्यास किंवा मेळ न बसल्यास पत्र नाकारले जाण्याचा अथवा नको असलेल्या पत्रांत टाकले जाण्याचा संभव असतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही जुळणी सर्व प्रेषकांना आवश्यक केली आहे.

मांडणी : प्रथम पुरवठादाराकडून स्थिर अंकी पत्ता घ्यावा. अनेक ग्राहकांत वाटलेल्या किंवा वारंवार बदलणाऱ्या पत्त्यावर ही व्यवस्था टिकत नाही. नंतर सर्व्हरला क्षेत्रनामाखालील एक नाव देऊन त्यासमोर स्थिर पत्ता नोंदवावा. सर्व्हर स्वतःची ओळखही याच नावाने देईल असे पाहावे. यानंतर पत्ता व पूर्ण नाव कळवून पीटीआर नोंदीची लेखी विनंती करावी. एका पत्त्यास एकच नाव देणे श्रेयस्कर ठरते. जुन्या उत्तरांची मुदत संपेपर्यंत बदल सर्वत्र दिसत नाही. त्यानंतर ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने दोन्ही दिशांची पडताळणी करावी. पुरवठादार बदलल्यास सामान्यतः पत्ताही बदलतो; अशा वेळी दोन्ही नोंदी नव्याने कराव्या लागतात.

मर्यादा : पीटीआर नोंदीमुळे प्रेषकाचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. त्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम यांसारख्या पडताळण्या स्वतंत्रपणे कराव्या लागतात. स्वतःचा सर्व्हर न ठेवता एखाद्या ई-मेल सेवेमार्फत पत्रे पाठविणाऱ्यांना आपल्या जोडणीसाठी ही नोंद करण्याचे कारण नसते. ती जबाबदारी त्या सेवेची असते.