सत्तर वळणे, आठ मोटारसायकली : घाटातील समूहसहलीचे गणित

सलग सुट्ट्या आल्या, की घाटरस्त्यांवरील अपघातांच्या बातम्यांत एक वाक्य हमखास आढळते : ‘वळणावर चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.’ बातम्यांचा अनुवाद करणाऱ्याच्या हाताखालून हे वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात राहते आणि प्रत्येक भाषेत ते तितकेच गुळगुळीत राहते. नियंत्रण सुटले हे त्यात असते. का सुटले, हे नसते. मित्रांचा गट मोटारसायकलींवरून निघालेला असेल, तर या ‘का’चे उत्तर पडलेल्या चालकाच्या वळणावर न सापडता दोनशे मीटर पुढे असलेल्या मित्राच्या वेगात सापडू शकते. हे कसे घडते ते समजण्यासाठी थोडे गणित आणि एक खराखुरा घाट पुरेसा आहे.

तामिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातील कोल्लीमलै हा तो घाट. ‘कोल्ली हिल्स’ या नावाने तो देशभरातील मोटारसायकलस्वारांना परिचित आहे. पूर्व घाटाच्या या डोंगररांगेवर चढणाऱ्या मुख्य रस्त्याला ७० तीव्र वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक लिहिलेली पाटी आहे. वर पोहोचल्यावर मिरी व कॉफीचे मळे, फणस, अननस, अरपळीश्वराचे प्राचीन मंदिर आणि आगायगंगै हा धबधबा, असा सुट्टीचा ऐवज प्रवाशाची वाट पाहत असतो. अशा वळणाला तमिळमध्ये ‘कोंडै ऊसि वळैवु’ म्हणतात. म्हणजे अंबाड्याच्या पिनेचे वळण. मराठीत आपण ‘नागमोडी’ या एकाच शब्दात सौम्य आणि तीव्र अशी सर्व वळणे कोंबतो, त्यामुळे धोक्याची प्रत कळत नाही. तमिळ शब्दात मात्र रस्ता पिनेसारखा दुमडून उलट दिशेला जातो, हे चित्र स्पष्ट दिसते.

असे वळण किती वेगासाठी बांधलेले असते? रस्तेबांधणीचे निकष ठरविणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या डोंगरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पिनेच्या वळणासाठी किमान अभिकल्पित वेग ताशी २० किलोमीटर आणि आतील बाजूची किमान त्रिज्या १४ मीटर धरलेली आहे. प्रत्येक जुन्या घाटातील प्रत्येक वळण नेमके या मापाचे असेलच असे नाही. तथापि अभियंत्याच्या मनात कोणता वेग असतो, हे यावरून कळते. तो सायकलस्वाराच्या वेगाच्या जवळचा आहे.

आता समजा, एक मोटारसायकलस्वार १५ मीटर त्रिज्येच्या मार्गाने वळत आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने त्याला सुमारे १२ अंश कलावे लागेल. ताशी ३० ला २५ अंश आणि ताशी ४० ला तब्बल ४० अंश. वेग दुप्पट झाला की वळण घेण्यासाठी टायरला पुरवावे लागणारे बल चौपट होते, त्याचा हा परिणाम. वळणाला बांधणीतच दिलेला आतला उतार थोडी मदत करतो, परंतु ताशी ४० ला लागणारी पकड ही कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर चांगला टायर देऊ शकेल त्या पकडीच्या जवळपास पोहोचलेली असते. वळणावर सांडलेले डिझेल, ओली पाने, ट्रकच्या चाकांनी बाहेर आणलेली खडी यांपैकी काहीही असेल, तर ती सीमा केव्हाच ओलांडलेली असते. सपाट महामार्गावर ताशी ४० हा वेग कंटाळवाणा वाटतो, म्हणून येथे तो फसवा ठरतो.

गट कसा ताणला जातो

एकट्या चालकाचे हे गणित झाले. गटाचे गणित निराळे आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही.

आठ मित्र आठ मोटारसायकलींवर निघाले आहेत. प्रत्येकाने पुढच्यापासून दोन सेकंदांचे अंतर राखले आहे. शहाण्या चालकांचा हाच संकेत असतो. म्हणजे पहिला आणि आठवा यांच्यात १४ सेकंदांचे अंतर आहे. पिनेच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने चालताना हे १४ सेकंद म्हणजे सुमारे ७८ मीटर. पहिला स्वार वळणातून बाहेर पडतो, पुढे सरळ तुकडा दिसतो, तो वेग वाढवून ताशी ६० वर जातो. सर्वांनी आपापल्या वेळी हेच केले आणि कोणीही क्षणभर मागे पडले नाही, तरी सरळ रस्त्यावर तेच १४ सेकंद २३३ मीटर होतात. ७८ चे २३३. गट रबरासारखा ताणला गेला, पण कोणाचीही चूक झालेली नाही.

आठव्या स्वाराच्या डोळ्यांना मात्र हे गणित दिसत नाही. तो अजून वळणात आहे आणि पुढचे मित्र झपाट्याने लहान होत पुढच्या वळणाआड नाहीसे होत आहेत, एवढेच त्याला दिसते. ‘आपण मागे पडलो’ ही भावना स्वाभाविक आहे आणि ती खोटी आहे. वळण संपण्यापूर्वीच तो वेग वाढवतो, सरळ तुकड्यावर इतरांपेक्षा अधिक वेग गाठतो आणि पुढच्या वळणाशी इतरांपेक्षा अधिक वेगाने पोहोचतो. कोल्लीमलैवर हे सत्तर वेळा घडण्याची सोय आहे. गटातील सर्वांत नवखा, सर्वांत कमी ताकदीच्या गाडीवरचा किंवा मागे कोणाला बसवून निघालेला मित्र संकोचाने स्वतःहून शेवटी राहतो, म्हणजे सर्वाधिक वेगाची सक्ती सर्वांत कमी तयारीच्या माणसावर येते. घाटातील गटाची हीच खरी विपरीतता आहे.

याला आणखी एक गोष्ट जोडली जाते. माणसाची गाडी त्याची नजर जिकडे, तिकडे वळते. वळणात डोके वळवून बाहेर पडण्याच्या जागेकडे पाहावे, हा मोटारसायकल शिकविणाऱ्यांचा पहिला धडा होय. गटातील स्वार मात्र नकळत पुढच्या गाडीच्या मागील दिव्याकडे पाहत राहतो. पुढच्याने वळण चुकवून मध्यरेषा ओलांडली, तर मागचाही ओलांडतो. पुढच्याने घाबरून ब्रेक दाबला, की मागचाही दाबतो. कललेल्या अवस्थेत ब्रेक जोरात दाबला, तर टायरची पकड थांबण्यात खर्ची पडते आणि वळण्यासाठी ती उरत नाही. गाडी उभी होऊ पाहते व वळणाबाहेर जाते. भारतात १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस अनिवार्य आहे. ही यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, याला पर्याय नाही.

रचना कशी असावी

उपाय साधा आहे, पण तो घाटाच्या पायथ्याशी ठरवावा लागतो. चढ सुरू झाल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही.

गटाचा म्होरक्या हा सर्वांत वेगवान नसावा; मागचे पाहत चालणारा असावा. वळणातून बाहेर पडल्यावर त्याने लगेच वेग न वाढविता, शेवटचा स्वार वळणाबाहेर येईपर्यंत मंद चालावे. वर दिलेल्या उदाहरणात ही केवळ १४ सेकंदांची प्रतीक्षा आहे. नवख्या मित्राला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याच्या वेगाशी जुळतो आणि म्होरक्याला तो आरशात सतत दिसत राहतो. सर्वांत अनुभवी स्वार सर्वांच्या मागे हवा. प्रथमोपचाराची पेटी, पंक्चरचे साहित्य आणि हत्यारे त्याच्याकडे असावीत, कारण बंद पडलेल्या प्रत्येक गाडीपाशी पोहोचणारा तोच असतो. पुढे धावणारा अनुभवी मित्र गटाच्या कोणत्याही उपयोगाचा नसतो, असे कठोरपणे म्हणावेसे वाटते.

सरळ महामार्गावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी एकाआड एक रचना सोयीची असते. त्यात गट आटोपशीर राहतो. वळणे सुरू होताच ती मोडून एकामागे एक चालावे. वळताना प्रत्येकाला आपल्या मार्गिकेची पूर्ण रुंदी लागते. कोणीही गटातल्या गटात दुसऱ्याच्या पुढे जायचे नाही, हा नियम सहल संपेपर्यंत पाळावा.

डोंगरमाथ्यावर रस्त्यांना फाटे फुटतात, कोठे मंदिराकडे, कोठे धबधब्याकडे. तेथे ‘मला सोडून जातील’ ही धास्ती दूर करणारी एक जुनी युक्ती आहे. फाट्यावर म्होरक्यामागचा स्वार सुरक्षित जागी थांबतो, दिशा दाखवतो आणि सर्वांत शेवटचा स्वार दिसला, की त्याच्या पुढे राहून निघतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणी थांबतो. या पद्धतीत कोणालाही पुढच्याची गाडी नजरेत ठेवण्याची गरज उरत नाही. पाठलागाचे कारणच संपते. घाटाच्या चढावर फाटे नसल्याने तेथे नवखा दुसऱ्या क्रमांकावर आणि माथ्यावर ही पद्धत, अशी वाटणी करता येते.

रस्त्यावरचे इतर

घाट केवळ सहलीला आलेल्यांचा नसतो. कोल्लीमलैवर वस्ती आहे, शेतमाल खाली जातो, बसगाड्या नित्य चढतात-उतरतात. ऑगस्टच्या प्रारंभी, तमिळ आडि महिन्यात, वल्विल ओरी या प्राचीन राजाच्या स्मरणार्थ येथे उत्सव भरतो आणि वर्दळ आणखी वाढते. पिनेच्या वळणावर बसला वळायला रस्त्याची जवळजवळ सर्व रुंदी लागते. तिचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूने येतो आणि आतली बाजू रिकामी दिसते. ती रिकामी जागा मोटारसायकलसाठी नाही, बसच्या मागच्या चाकांसाठी आहे. अशा वेळी वळणाआधीच थांबावे. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा आपल्याकडील कायदेशीर नियमही आहे. चढावर थांबलेले जड वाहन पुन्हा हलविणे कठीण असते, हे त्यामागचे कारण.

उतरण चढणीपेक्षा अधिक जोखमीची, याचा मात्र विसर पडतो. दिवसभराचा थकवा, जेवणानंतरची सुस्ती आणि ‘रस्ता आता पाठ झाला’ हा भ्रम एकत्र येतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा संकेत दुचाकीलाही लागू पडतो. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली, तर सर्व भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, तामिळनाडूच्या घाटांत याला पाण्याची व मातीची जोड मिळते.

हेच गणित इतरत्रही लागू पडते. केवळ परिस्थिती बदलते. मनाली-लेह मार्गावरील ‘गाटा लूप्स’ येथे २१ वळणे आहेत, पण ती समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर. तेथे विरळ हवेमुळे इंजिनाची शक्ती घटते आणि माणसाची निर्णयशक्तीही मंदावते. पश्चिम घाटात ताम्हिणी किंवा आंबोलीच्या पावसाळी सहलींत धुके हा मुख्य शत्रू असतो. पुढचा दिवा दिसेनासा झाला, की मागचा स्वार तो गाठण्यासाठी धावतो.

हेल्मेटविषयी वेगळे सांगण्याची गरज भासू नये. आकडे मात्र निराळे बोलतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरील प्रवासी होते आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलीच हेल्मेट विकण्यास परवानगी आहे.

गटातील कोणी पडलाच, तर सर्वांनी त्याच्याभोवती गाड्या उभ्या करणे हा दुसऱ्या अपघाताला दिलेला निमंत्रणाचा विडा ठरतो. दोघांनी वळणाच्या दोन्ही बाजूंना, बरेच अलीकडे उभे राहून येणारी वाहने सावध करावीत. बाकीच्यांनी गाड्या सरळ तुकड्यावर कडेला घ्याव्यात. जखमी शुद्धीवर असून नीट श्वास घेत असेल, तर त्याचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. मानेला इजा झालेली असू शकते. घाटात मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळतोच असे नाही, म्हणून पिछाडी सांभाळणाऱ्याने संपर्क असलेल्या शेवटच्या जागा लक्षात ठेवाव्यात. १०८ किंवा ११२ क्रमांकावर बोलताना ‘आम्ही घाटात आहोत’ एवढे सांगून भागत नाही. कोल्लीमलैच्या त्या क्रमांकित पाट्या येथे कामाला येतात : ‘बेचाळिसाव्या वळणाच्या थोडे वर’ हा पत्ता रुग्णवाहिकेच्या चालकाला लगेच समजतो.