गिअरबॉक्स बदलला, तरी तेल गळतंय? गाडी परत खोलण्याआधी हे तपासा

मुरबाडहून म्हसा, नारिवलीमार्गे सिद्धगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची रोजची ये-जा. आम्ही चार शिक्षक एका जुन्या वॅगन आरमध्ये खर्च वाटून जातो. एसटी चुकली की दुसरी सोय नाही. वाटेत कुणी आजारी दिसलं की त्यालाही गाडीत घ्यावं लागतं. गेल्या डिसेंबरात गाडीचा गिअरबॉक्स गेला. जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. आठव्या दिवशी शाळेच्या अंगणात गाडीखाली बशीएवढा तेलाचा डाग!

२ जानेवारी जवळ आली होती. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीबारात शहीद झाले. त्या दिवशी मुलांना स्मारकावर न्यायचं ठरलं होतं. गॅरेजवाल्याने डाग बघून सांगितलं, "सर, आतलं सील गेलं. गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल." म्हणजे पुन्हा दोन दिवस गाडी बंद आणि पुन्हा तेवढीच मजुरी. आम्ही ओळखीच्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तेल जिथं टपकतं तिथूनच गळतं असं नसतं. आधी पुसा, मग बघा." त्यांनी शिकवलेलं सर्वांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहोत.

तेल कोणतं, ते आधी ओळखा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. काळं, जळकट वासाचं तेल बहुधा इंजिनचं असतं. मधासारखं किंवा तपकिरी, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल गिअरचं. ऑटोमॅटिक गाडीत ते बहुधा लालसर असतं. पाण्यासारखं पातळ, बोटाला निसरडं लागणारं असेल तर ब्रेक किंवा क्लचचं ऑइल समजा. ते गळत असेल तर गाडी चालवूच नका.

पुसा, चालवा, मग बघा

गिअरबॉक्स उतरवताना तेल सांडतंच. ते खाचांत साचून दोन-चार दिवस टपकत राहतं. म्हणून सगळा भाग डिझेल किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा करा. संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हीच खरी जागा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घ्या.

स्वस्त कारणं आधी तपासा

ड्रेन प्लगचा वॉशर: हा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो. एकदा दबला की तो बदलायचा. जुनाच लावला तर तेल झिरपतं.

तेल जास्त भरणं: गाडी सपाट जागी उभी करून लेव्हलच्या भोकापर्यंतच तेल भरायचं. चढावर उभ्या गाडीत अंदाज चुकतो.

ब्रीदर: गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. माती भरून ती बुजली की आतली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नवी सीलंही मग टिकत नाहीत.

ड्राइव्ह शाफ्टचं सील: शाफ्ट बसवताना त्याचे दाते सीलच्या रबराला लागले की ओठ फाटतो.

यानंतर गिअर बदलण्याच्या दांड्याचं सील, रिव्हर्सचा स्विच आणि स्पीडोमीटरच्या जोडाची रबरी रिंग बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील सगळ्यात शेवटी. तिथलं तेल गिअरचं आहे की इंजिनच्या मागच्या सीलचं, हे वासावरून ठरवा.

आमच्या गाडीत काय निघालं?

उजव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलला चीर गेली होती. तेल तिथून ओघळून इंजिनच्या जोडाशी टपकत होतं, म्हणून आतलं सील गेल्यासारखं वाटलं. उस्तादांनी तेल काढलं, शाफ्ट ओढला, नवं सील सरळ ठोकून बसवलं. ओठाला तेलाचं बोट लावून शाफ्ट खटकन बसेपर्यंत आत सारला. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचंच तेल लेव्हलपर्यंत भरलं. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. दुपारपर्यंत काम झालं.

"थोडंसंच गळतं" म्हणून सोडू नका

लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जेमतेम दोन-अडीच लिटर तेल असतं. ते संपत आलं तरी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. बेअरिंग आवाज करू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. तेल क्लच प्लेटवर गेलं तर प्लेट घसरते, आणि माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात भरल्या गाडीने ते परवडणारं नाही.

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या भावांना एक विनंती. गिअरबॉक्स खाली असतानाच सगळी सीलं नवी टाका आणि गिऱ्हाइकाला तसं आधी सांगा. आणि गिऱ्हाइकांनी त्या चार पैशांसाठी घासाघीस करू नये. आम्ही ती केली होती. पहिल्या वेळी "जुनी सीलं चालतील" असं म्हणणारे आम्हीच होतो.

२ जानेवारीला गाडी स्मारकापाशी उभी केली. परत निघताना एका मुलाने खाली वाकून बघितलं आणि ओरडला, "सर, कोरडं आहे!"