मासळी आणि औषधाला न जुमानणारे जंतू

भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचा अनुभव तुम्हाला आहेच. तेच ते औषध दर हंगामात फवारले की नाजूक कीड मरते, चिवट तेवढी उरते आणि पुढे तिचीच पिलावळ वाढते. जंतूंचेही तसेच झाले आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच हा इशारा देऊन ठेवला होता.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारांत रोहू, कटला, चिलापी असे गोड्या पाण्यातले मासे येतात. जसे पाणी, तसे माशाच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू. अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन वालधुनी कल्याणला उल्हासला मिळते, हे आपण पाहतोच. माणसांच्या व जनावरांच्या पोटातून औषधाचा अंश आणि औषधाला सरावलेले जंतू, दोन्ही अशा पाण्यात उतरतात. जंतूंची आणखी एक खोड म्हणजे ही ताकद ते शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूलाही देतात. तुडतुड्यांना एवढे जमत नाही!

म्हणून मासे सोडू नका. औषधाला दाद न देणारा जंतूही उकळीला दाद देतोच. धोका कच्च्या माशाचा. मासा चिरलेली विळी न धुता तिच्यावर कोथिंबीर चिरली, की जंतू थेट ताटात. हाताला जखम असेल तर मासा घरातल्या दुसऱ्या कुणी साफ करावा.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांशी मात्र जरा कडक बोलायचे आहे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले की पाण्यात कॅप्सुला फोडणारे आहेत. बहुधा तो रोग नसतो, प्राणवायूचा तुटवडा असतो. खाद्य थांबवा, ताजे पाणी सोडा, गर्दी कमी करा. तळ्यावर खुराडे बांधून विष्ठा पाण्यात पाडण्याची पद्धत स्वस्त खरी. पण कोंबड्यांना खाद्यातून प्रतिजैविके मिळत असतील तर तीही तळ्यात जातात. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखलेले औषध. कोंबड्या आणि मत्स्यपालनात त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली. तेव्हा दुकानदाराने ‘टॉनिक’ म्हणून पुडी दिली तर आतल्या औषधाचे नाव विचारा.

मासे खरोखरच मरू लागले तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. नेताना आजारी पण जिवंत मासा तळ्यातल्याच पाण्यात न्यावा. कुजलेल्या माशावरून रोग ओळखता येत नाही.