घरगुती संगणकास विषाणूंचा उपद्रव व त्याचा बंदोबस्त

लातूर व नांदेड ह्या दोन्ही जिल्ह्यांत आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी संगणक आला आहे. सोयाबीनचा भाव पाहणे, सातबाऱ्याचा उतारा काढणे, पीकविम्याचा अर्ज भरणे ही कामे ओसरीत बसून होतात. ही सोय मोठी, यात संशय नाही. परंतु ज्या वाटेने सातबारा घरात येतो त्याच वाटेने चोरही येऊ शकतो, ह्या गोष्टीकडे आमच्या वाचकांचे लक्ष जावे तितके गेलेले दिसत नाही. आमचेही गेले नव्हते, व त्याची किंमत आम्हांस मोजावी लागली.

सन २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरिपाची नासाडी झाली व जो तो नुकसानभरपाईच्या यादीची वाट पाहू लागला. त्या दिवसांत आमच्या ई-मेलवर एक पत्र आले. पाठविणाराचे नाव आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे. सोबत ‘नुकसानभरपाई यादी’ ह्या नावाची फाईल. आम्ही तीस वर्षे महसुली कचेरीत कारकुनी केली, सही-शिक्का पाहिल्यावाचून एकही कागद दप्तरी घेतला नाही. ती फाईल मात्र विनाविचार उघडली. यादी काही दिसली नाही. घटकाभराने संगणकातील एकेक कागद उघडेनासा झाला आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला की, अमुक रक्कम भरा म्हणजे किल्ली मिळेल. पंधरा वर्षांचा शेतीचा जमाखर्च, विहिरीच्या पाणीपाळीची भावाभावांतील टिपणे, सारे कुलूपबंद झाले. सहकाऱ्यास फोन केला तेव्हा कळले की, त्यांनी असे पत्र धाडलेच नव्हते.

रक्कम आम्ही भरली नाही. भरल्याने किल्ली मिळेलच असा भरवसा नसतो. चोरास मात्र पैसे देणारे घर कळते. सातबारा व आठ-अ सरकारी दप्तरी असल्याने पुन्हा निघाले. जमाखर्च गेला तो गेलाच.

आता हा विषाणू म्हणजे काय ते पाहू. तो जंतू नव्हे. मनुष्याने लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे संगणकास द्यावयाच्या हुकुमांची यादी होय. नुसते पत्र आले एवढ्याने तो बहुधा काही करीत नाही. घरधन्याने त्यास उघडावे लागते. म्हणूनच तो वेष पालटून येतो. प्रत्येक फाईलच्या नावाशेवटी एक टिंब व काही अक्षरे असतात व त्यांवरून तिची जात कळते. पीडीएफ म्हणजे कागद, जेपीजी म्हणजे चित्र, ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. विंडोज संगणकात ही अक्षरे मुळातच झाकलेली असतात. त्यामुळे ‘यादी.पीडीएफ.ईएक्सई’ असे नाव असल्यास आपणांस दिसते केवळ ‘यादी.पीडीएफ’. मे २००० मध्ये फिलिपाइन्स देशातून निघालेल्या प्रेमपत्राच्या विषाणूने हीच युक्ती केली होती. ज्याने पत्र उघडले त्याच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांस ते त्याच्याच नावाने आपोआप जाई. ओळखीचे नाव ही खूण पुरेशी का नाही, हे यावरून ध्यानात येईल. फाईल एक्सप्लोररमधील ‘व्ह्यू’ ह्या सदरात ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ येथे खूण केली म्हणजे झाकलेली अक्षरे उघडी होतात. वर्ड वा एक्सेलचा कागद ‘एनेबल कन्टेन्ट’ दाबण्यास सांगू लागला तर दाबू नये.

मोबाईलवर हाच चोर एपीके ह्या नावाने येतो, कधी पी.एम. किसानचा, कधी गाडीच्या दंडाचा वेष घेऊन. अनुदानाची यादी पाहण्यास कोणी एपीके पाठविल्यास ते उघडू नये. तलाठ्याकडे (आता त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन विचारावे. पाठविणारा ओळखीचा असला तरी आपल्याजवळील जुन्या नंबरावर फोन करून खात्री करावी, पत्रात छापलेल्या नंबरावर नव्हे.

दुसरी वाट ब्रॉडबँडच्या पेटीची. ही पेटी कारखान्यातून येते तेव्हा तिचा सांकेतिक शब्द पुष्कळदा ‘ॲडमिन’ असा सर्वांस ठाऊक असलेला असतो. जोडणी करणारा मुलगा वाय-फायसाठी घरधन्याचाच मोबाईल नंबर घालून जातो, असे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. म्हणजे कुलूप लावून किल्ली चौकटीवर टांगण्यापैकीच! सन २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असे कारखान्याचे शब्द लावून पाहत जगभरच्या लाखो पेट्या व कॅमेरे ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या बळावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास बंद पाडली. ज्यांनी गोठ्यावर वा विहिरीवर कॅमेरा बसविला आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. शिवाय आपल्या जोडणीवरून परक्याने गुन्हा केल्यास पोलीस प्रथम आपल्याच दारी येतात. यास्तव वाय-फायचा शब्द व पेटीचा शब्द, दोन्ही निरनिराळे व लांब ठेवावे.

संगणकाची दुरुस्ती, जिला अपडेट म्हणतात, पुढे ढकलू नये. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय विषाणूवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुना संगणक वापरणारांनी जाणावे. विषाणू शोधण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ ह्या संकेतस्थळावर मिळतात.

महत्त्वाच्या कागदांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी व काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही कुलूपबंद होते. आमची तशीच जोडलेली होती.

इतके करूनही प्रसंग आलाच तर प्रथम इंटरनेटची तार काढावी. बँकेचे सांकेतिक शब्द त्या संगणकावरून न बदलता दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बदलावे. पैसे गेले असल्यास उजाडण्याची वाट न पाहता १९३० ह्या नंबरावर फोन करावा. कळविण्यास जितका उशीर, तितकी रक्कम मध्येच अडविली जाण्याची आशा कमी. तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, संगणकात नव्हे.