यकृतातले भंगार आणि दोन विषाणू

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने हिपॅटायटिस बीची गोळी कुणालाही न विचारता बंद केली. त्याला मोबाइलवर एक मजकूर आला होता. उपवास केला की शरीर आपल्यातली घाण आपणच खाते, आणि या शोधाला नोबेल मिळाले आहे, असे त्यात लिहिले होते. "मग दादा, विषाणूही खाऊन टाकेल ना?" त्याने मला विचारले. मी डॉक्टर नाही. पदवी वाणिज्य शाखेची. बाकीचे शिक्षण ग्रंथालयात आणि शोधनिबंध चाळत झाले. त्याच्या प्रश्नामागे जाताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

मजकुरातली अर्धी गोष्ट खरी होती. आपली प्रत्येक पेशी मोडकी प्रथिने आणि जुने घटक दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते. ही पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त कोठडीशी एकरूप होते. तिथे मालाचे तुकडे होतात आणि ते नव्या बांधणीला वापरले जातात. दिवाळीआधी माळ्यावरचे भंगार पोत्यात भरावे, पोते भंगारवाल्याच्या गाडीवर जावे आणि गाडी भट्टीकडे, तसाच हा प्रकार. ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९६३ साली या क्रियेला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये तिची जनुके शोधली. त्यांना २०१६चे नोबेल मिळाले. उपाशी पेशीत ही क्रिया वाढते, हेही खरे.

मजकुरात न सांगितलेली गोष्ट अशी की, काही विषाणू याच भंगाराच्या गाडीवर बसून आपला धंदा करतात.

हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा. एवढ्याशा भांडवलावर तो यकृताची पेशी राबवतो. त्याचे 'एक्स' नावाचे प्रथिन पिशव्या तयार करायला लावणाऱ्या विकराला डिवचते. पिशव्या वाढतात, पण त्या प्रमाणात पचन वाढत नाही. तेच प्रथिन लायसोसोमची आम्लताही घटवते. म्हणजे गाड्या पुष्कळ, भट्टी मात्र थंड. जेम्स ओउ यांच्या गटाने २०११ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. यकृतातली ऑटोफॅजी बंद पाडताच तिथली विषाणूच्या डीएनएची निर्मिती जवळजवळ थांबली होती.

हिपॅटायटिस सीची तऱ्हा निराळी. त्याचा आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचा. संसर्गाच्या सुरुवातीला तो पेशीचेच 'रुबिकॉन' नावाचे प्रथिन वाढवतो आणि पिशवी व लायसोसोम यांची भेट लांबवतो. न पचलेल्या पिशव्यांच्या पटलाचा तो ओट्यासारखा उपयोग करतो आणि त्यावर आरएनएच्या प्रती काढतो.

मग ऑटोफॅजी बंद करणारे औषध का देत नाहीत, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर पुन्हा उंदरांनीच दिले. ज्यांच्या यकृतात ही क्रिया कायमची बंद केली, त्यांची यकृते सुजली आणि पुढे त्यांत गाठी झाल्या. घरातले भंगार कधीच बाहेर गेले नाही, तर घर राहण्याजोगे उरत नाही. चोर गाडीत बसतो म्हणून गाडीच जाळून चालत नाही.

म्हणून आजची औषधे थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालतात. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो. बीचे तसे नाही. त्याच्या डीएनएचे एक बंद कडे पेशीकेंद्रात ठाण मांडून बसते. टेनोफोव्हिरसारखी गोळी नव्या प्रती रोखते, पण ते कडे काढू शकत नाही. गोळी थांबली की त्याच कड्यावरून विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि यकृताला गंभीर सूज येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते. माझा भाऊ त्यांच्यापैकी एक.

उपवासाने माणसातला विषाणू वाढतो, असे या प्रयोगांतून सिद्ध होत नाही. पेशी आणि उंदीर म्हणजे आपला संसार नव्हे. पण ज्या क्रियेवर तो भिस्त ठेवून होता, ती या विषाणूची वैरीण नाही, हे त्यांतून नक्की दिसते.

तीन महिन्यांनी त्याची रक्ततपासणी झाली, तेव्हा यकृताचे आकडे चढलेले होते. वेळेत कळले, एवढेच नशीब. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्याच्या दोन्ही मुलांना जन्मतःच लस मिळालेली आहे; ती या भानगडीतून सुटली. एकादशी तो अजूनही करतो. डॉक्टरांना विचारून, आणि गोळी न चुकवता.