अर्ध्या मीटरची लाट, चार मीटरचं पाणी

डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत अर्नाळ्याच्या समुद्राचा अंदाज उघडला की जवळजवळ रोज तोच मजकूर दिसतो. लाट अर्ध्या मीटरच्या आसपास, पाच सेकंदांना एक लाट, सकाळी जमिनीवरून येणारा हलका वारा, दुपारनंतर वायव्येचा थोडा जोर, पाऊस नाही. विरारच्या मनवेलपाड्यापासून हा किनारा सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आत आहे. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं विरार पश्चिमेहून अर्नाळ्याची बस धरतात, आणि सगळ्यांच्या मनात या अंदाजाचा अर्थ एकच असतो: हिवाळ्यात समुद्र झोपलेला असतो. अंदाजातला एकेक आकडा उलगडून पाहिला, तर हे निम्मंच खरं आहे. लाटा झोपतात. पाणी झोपत नाही.

आधी लाटांचा हिशेब करू. पाच सेकंदांना एक म्हणजे मिनिटाला १२, दिवसाला १७,२८०. हिवाळ्याच्या ९० दिवसांत साडेपंधरा लाखांहून जास्त लाटा अर्नाळ्याच्या वाळूवर फुटतात. पावसाळी लाटा सावकाश येतात, साधारण दहा सेकंदांना एक. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत त्यांची संख्या साडेदहा लाखांच्या आसपास जाते. म्हणजे दिवस कमी असूनही शांत हिवाळ्यात लाटा दीडपट होतात.

पण लाट मोजायची ती संख्येने नव्हे, ताकदीने. ढोबळ सूत्र सोपं आहे: मीटरमधल्या उंचीचा वर्ग करा, त्याला सेकंदांतल्या कालावधीने गुणा आणि निम्मं करा. किनाऱ्याच्या दर मीटरमागे तेवढे किलोवॅट. आपली हिवाळी लाट भरते ०.६२५ किलोवॅट. पावसाळ्यातल्या खवळलेल्या दिवशी खोल समुद्रातली चार मीटरची, दहा सेकंदांची लाट भरते ८० किलोवॅट. उंची आठपट, कालावधी दुप्पट, ताकद मात्र १२८ पट.

हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून आपल्याच पालघर जिल्ह्यातलं तारापूर घेऊ. तिथल्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट आहे. पावसाळ्यातल्या त्या लाटांची ताकद ५४० मेगावॅट भरायला पावणेसात किलोमीटरचा पट्टा पुरतो, म्हणजे अर्नाळ्याहून नवापूर, राजोडी करत साधारण कळंबपर्यंतची चाल. हिवाळी लाटांतून तेवढीच ताकद जमवायची तर ८६४ किलोमीटर किनारा लागेल. महाराष्ट्राचा किनारा शाळेत ७२० किलोमीटर शिकवत आले, नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ भरला. झाईपासून तेरेखोलपर्यंतची प्रत्येक खाडी, प्रत्येक पुळण धरली, तेव्हा कुठे एका अणुभट्टीची बरोबरी होते.

अर्थात चार मीटरची लाट त्या उंचीने अर्नाळ्याच्या वाळूपर्यंत येत नाही, आणि त्याचं कारण दूर समुद्रात आहे. लाटेच्या लांबीच्या निम्म्याइतकी खोली उरली की तिला तळ लागायला सुरुवात होते. दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते, म्हणजे ७८ मीटर खोलीवर तिचं तळाशी घर्षण सुरू. मुंबई हाय आठवा. १९७४ साली जिथे तेल सापडलं ते क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, आणि तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. पावसाळी लाट तिथून पुढे सगळी वाट तळाशी झगडत येते. आपल्यासमोरचा भूखंडमंच, म्हणजे समुद्राखाली बुडालेलं जमिनीचं पठार, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. कोचीसमोर तो याच्या एका लहान हिश्शाइतकाच उरतो. ही रुंदी लक्षात ठेवा, तिचं दुसरं आणि मोठं काम पुढे येतंय. हिवाळी लाटेला मात्र हा झगडा फारसा करावा लागत नाही. तिची लांबी ३९ मीटर, तळ लागतो वीस मीटर खोलीवर. मुळात लहानच असते ती.

लहान का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात रात्रभर जमीन निवते, समुद्र निवत नाही. एक घनमीटर पाण्याला एक अंशाने गार करायला त्याच आकाराच्या हवेच्या तीन हजारांहून अधिक पट उष्णता काढून घ्यावी लागते. २२ जानेवारी १९६२ च्या पहाटे सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हा तिथला आजवरचा नीचांक. हिवाळ्यात समुद्राचं पाणी मात्र २४-२५ अंशांच्या आसपास राहतं. म्हणून पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. वाऱ्याला लाट उभी करायला पाण्यावर धावायला जागा लागते, आणि जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यापाशी ती जागा शून्य मिळते. दुपारी खारे वारे उलटे येतात, पण ते काही तासांचे. त्यातही वायव्येला, २३० किलोमीटरवर, दीव आणि त्यामागे अख्खं सौराष्ट्र आडवं पडलंय. त्या दिशेच्या वाऱ्याला तेवढंच अंगण. पूर्ण वाढलेल्या लाटेची ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या चौथ्या घाताने वाढते: वारा दुप्पट झाला तर ऊर्जा सोळापट, निम्मा झाला तर सोळावा हिस्सा. हिवाळी समुद्राच्या शांततेचं सगळं गणित या एका नियमात आहे.

तरी एक वाट उघडी राहते. सौराष्ट्राच्या दक्षिणेकडून, पश्चिमेला थेट ओमानच्या रास अल हद्द टोकापर्यंत मधे जमीन नाही, अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडून 'शमाल' वारे सुटतात आणि त्यांच्या लाटा या वाटेने आपल्या किनाऱ्याला येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. सात सेकंदांच्या अशा लाटांची ऊर्जा ताशी २० किलोमीटरने सरकते. म्हणजे वारा ओमानजवळ सुटतो तेव्हापासून जवळपास तीन दिवसांनी अर्नाळ्याची लाट थोडी फुगते, आणि इथे त्या वेळी पानही हलत नसतं. त्याहून लांबचे पाहुणेही असतात. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या महासागरात वादळ झालं तर त्याच्या सोळा सेकंदांच्या लाटा ताशी ४५ किलोमीटरने निघतात आणि ७,००० किलोमीटर कापून साडेसहा दिवसांत आपल्या अक्षांशावर पोचतात. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ साली दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या अशा लाटांचा माग पॅसिफिकमध्ये थेट अलास्कापर्यंत, दहा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर काढला होता. अर्नाळ्यात त्या हिवाळ्यात इतक्या विरून येतात की डोळ्यांना कळत नाहीत, पण येतात.

लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी निकाल स्पष्ट आहे: हिवाळ्यात इथे काही नाही. ती मंडळी थंडीच्या मोसमात पोर्तुगालच्या नाझारेला जातात. तिथे समुद्रतळाच्या खोल दरीतून लाटा उसळून येतात, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन स्टॉइटनरने २६.२१ मीटरच्या लाटेवर स्वारी करून विश्वविक्रम केला. आपल्या हिवाळी लाटेच्या बावन्नपट उंच!

आता भरतीकडे वळू, कारण खरं मोठेपण तिथे आहे.

चंद्राची भरती उठवणारी ओढ किती? पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जेमतेम एक कोटीव्या हिश्शाएवढी. चंद्र डोक्यावर असताना साठ किलोच्या माणसाचं वजन त्यामुळे सुमारे सात मिलिग्रॅमने घटतं, तांदळाच्या एका दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. एवढ्या ओढीने खोल महासागराचं पाणी हिशेबाप्रमाणे अर्धा-पाऊण मीटर चढायला हवं. कोचीला चढ-उतार एक मीटरच्या आतच असतो, गोव्याला दोनच्या आसपास. आपल्याकडे उधाणाला तो चार-साडेचार मीटर होतो, आणि खंभातच्या आखातात दहा मीटरांवर जातो. याचं कारण तो रुंद भूखंडमंच. ७५ मीटर खोल पाण्यात भरतीची लाट ताशी ९८ किलोमीटरने धावते. १२ तास २५ मिनिटांच्या तिच्या फेऱ्यात तिची लांबी होते सुमारे १,२०० किलोमीटर, आणि पाव लांबी ३००. पठाराची रुंदीही जवळपास तेवढीच! असा मेळ जमला की प्रत्येक येणारी भरती आधीच्या हेलकाव्यात भर घालते आणि पाणी कित्येक पटींनी चढतं. जो उथळ तळ पावसाळी लाटेचं बळ खातो, तोच भरतीला बळ देतो. निसर्गातला इतका देखणा हिशेब मला दुसरा माहीत नाही.

एक चौरस किलोमीटर पाणी चार मीटर चढलं म्हणजे किती? ४० लाख घनमीटर, ४०० कोटी लिटर. मुंबईला दिवसभरात जेवढं पाणी पुरवलं जातं, साधारण तेवढं. ते सव्वासहा तासांत येतं आणि पुढच्या सव्वासहा तासांत जातं, दिवसातून दोनदा, आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. त्याच्या तटाशी हे पाणी तेव्हापासून, चढ आणि उतार वेगवेगळे मोजले तर, चार लाखांहून जास्त वेळा चढलं-उतरलं आहे. ऊर्जेत मोजलं तर हे चौरस किलोमीटर पाणी उचलायला सुमारे २२,००० युनिट लागतात. तेवढ्याच वेळात किलोमीटरभर किनाऱ्यावर फुटलेल्या सगळ्या हिवाळी लाटा मिळून चार हजार युनिटही देत नाहीत.

आणि हिवाळ्यात भरती कमी होत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैत १५ कोटी २१ लाखांवर. एवढ्या फरकाने सूर्याची भरतीची ओढ दहा टक्के वाढते. शिवाय आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची मोठी, म्हणून ती बातम्यांत येते. हिवाळ्यात रात्रीची मोठी, म्हणून ती कुणाला दिसत नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत मध्यरात्रीनंतर पाणी पाच मीटरच्या पातळीपर्यंत चढलं, त्याच दिवसांतली दुपारची भरती मात्र सव्वाचारच्या आतच होती.

याचा अर्थ फिरायला जाणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, नेमकी हिवाळ्यातल्या सूर्यास्ताला. पुळण दूरवर उघडी पडते, लोक पार आत चालत जातात, काही जण गाड्याही वाळूवर उतरवतात. मग अंधार पडतो आणि दिवसातली मोठी भरती चढायला लागते. पाणी सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से. वाळूचा उतार शंभर मीटरला एक मीटर धरला, तर चार मीटरच्या चढात रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पाण्याची कड तासाला शंभर मीटर आत सरकते. त्यातही वाळूतल्या खोलगट चरांत ते आधी शिरतं, म्हणजे पुढे उभ्या माणसाच्या पाठीमागून. लाट अर्ध्याच मीटरची असते, आवाज नसतो.

लाटेच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था अंदाजात लाटेची जी उंची देते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. हजारात एखादी लाट जवळपास दुप्पट निघते, आणि पाच सेकंदांच्या हिशेबाने हजार लाटा ८३ मिनिटांत होतात. लहान मूल गुडघाभर पाण्यात खेळत असेल तर ही एक मीटरची लाट धरूनच उभं राहा. आणि कधीतरी हिवाळाही मोडतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ श्रीलंकेजवळ जन्मून, कन्याकुमारीला वळसा घालून गुजरातच्या रोखाने वर आलं, तेव्हा ५ डिसेंबरला पालघर जिल्ह्यातल्या शाळांना सुटी द्यावी लागली होती.

अर्नाळ्याचे कोळी, मांगेला, वैती या मच्छीमारांना वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. थोड्या मिनिटांचा फरक सोडला तर हिशेब बरोबर येतो. तेव्हा या हिवाळ्यात मनवेलपाड्याहून निघण्याआधी लाटेची उंची पाहिली नाहीत तरी चालेल, पण कालनिर्णयावरची तिथी पाहा, तिला पाऊणने गुणा, गाडी रस्त्यावरच ठेवा, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जात असाल तर अंधार पडायच्या आत मुलांना घेऊन कोरड्या वाळूवर परत या.